पिशवी सोडण्याइतपत उंची

उत्साही : वृद्धाश्रम या शब्दाचा मला राग नाही, वहिनी. ज्याला कुणीच नाही, त्याला तो हवाच. पण कितीतरी माणसं तिथं पोचतात ती आजारामुळे नव्हे, जिन्यामुळे. आपलीच सोसायटी घ्या. १९८४ ची इमारत, तळमजला धरून चार मजले, लिफ्ट नाही. राहायला आलो तेव्हा सगळे पस्तिशीतले, लिफ्टचा खर्च कशाला म्हणून कुणी मागितलीसुद्धा नाही. तिसऱ्या मजल्यापर्यंत चोपन्न पायऱ्या. गुडघा कुरकुरायला लागला की माणूस आधी संध्याकाळचं फिरणं सोडतो, मग भाजी आणणं, मग बँक, शेवटी देऊळ. वर्षभरात त्याचं जग दोन खोल्या आणि एक खिडकी एवढं होतं. मग पोरं म्हणतात, बाबा, तुम्ही एकटे कसे राहणार? यात आजार कुठं आला? आराखडा चुकलाय. आराखडा चुकला असेल तर तो दुरुस्त करता येतो. चौतीस वर्षं मी रस्ते केले, त्या जोरावर सांगतो. जिना, पदपथ, सिग्नल, बाकडं, मुतारी एवढ्या पाच गोष्टी नीट केल्या तर निम्मी माणसं आपापल्या घरात सुखानं म्हातारी होतील.

शंकेखोर : जिना डोळ्यांना दिसतो, साहेब, म्हणून तो तुम्हाला सापडला. माझ्या सासूबाई शेवटची नऊ वर्षं आमच्या तिसऱ्या मजल्यावरच होत्या. त्यातली साडेचार अंथरुणात. वृद्धाश्रमात गेल्या नाहीत. आपल्या घरात, आपल्या खिडकीशी गेल्या. तुमच्या हिशेबात हे यशच. पण ते केलं कुणी? मी नोकरी सोडली तेव्हा माझी अकरा वर्षं शिल्लक होती. सकाळी साडेआठला त्यांना सांभाळायला मावशी यायच्या, संध्याकाळी साडेसहाला जायच्या. पुढची रात्र माझी. बाराला कूस बदलायची, दोनला पाणी, चारला पुन्हा कूस, पाचला चादर. त्या घरी राहिल्या म्हणजे मी घरी राहिले, इतका साधा हिशेब आहे. 'आपल्या घरी म्हातारं व्हावं' असं तुम्ही लोक भाषणात म्हणता तेव्हा मला त्यात म्हातारा माणूस दिसतो, त्याचं घर दिसतं, पण उशाशी बसलेली बाई काही दिसत नाही. तुमच्या नगररचनेनं तिच्यासाठी काय केलं ते सांगा, मग पुढं बोलू.

उत्साही : काही केलं नाही, हे कबूल. पण साडेचार वर्षं अंथरूण का लागलं, तेही विचारा ना. चालणं थांबलं की मांड्यांची ताकद जाते, ताकद गेली की तोल जातो, तोल गेला की न्हाणीघरात पाय घसरतो आणि खुब्याचं हाड मोडतं. ही साखळी अंथरुणात सुरू होत नाही, ती रस्त्यावर सुरू होते. तिथं माझा हात बरबटलेला आहे, म्हणून सांगतो. पदपथाची कड पंधरा सेंटीमीटरपेक्षा उंच नको, असं इंडियन रोड्स काँग्रेसच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय. ते पुस्तक आमच्या कपाटात होतं. तरी आम्ही कड पंचवीस-तीस सेंटीमीटर उचलायचो. का? तर दुचाकी वर चढू नये म्हणून. दुचाकी चढतेच. ती फाटकापाशी, उतारावरून चढते. चढत नाही ती फक्त वॉकर घेतलेली बाई. आणि प्रत्येक फाटकापाशी पदपथ खाली बसतो, पुन्हा वर उठतो. परवा आपल्या गल्लीतून टेप घेऊन फिरलो. दोनशे मीटरमध्ये सतरा फाटकं. म्हणजे चौतीस वेळा खाली-वर. याला पदपथ म्हणायचं की दुसरा जिना? म्हणून आपले सगळे ज्येष्ठ रस्त्याच्या कडेनं, गाड्यांकडे पाठ करून चालतात. लोक म्हणतात, म्हाताऱ्यांना शिस्त नाही.

सिग्नलचंही तेच. रस्ता ओलांडायला किती सेकंद द्यायचे याचा जुना हिशेब सेकंदाला १.२ मीटर चालीचा. इंग्लंडमध्ये पासष्टीपुढच्या माणसांची चाल मोजली, तर पुरुषांची सरासरी ०.९ आणि बायकांची ०.८ निघाली. चोवीस मीटर रुंद रस्ता धरा. कागदावर वीस सेकंद पुरतात, आजींना तीस लागतात. ते दहा सेकंद त्या दुभाजकाला धरून उभ्या असतात. सिंगापूरमध्ये २००९ पासून खांबाला कार्ड टेकवलं की ज्येष्ठांना तीन ते तेरा सेकंद जादा मिळतात. यात अवघड काय आहे? एक कार्ड आणि थोडी लाज.

शंकेखोर : सिंगापूर आलंच. ज्येष्ठ नागरिक संघातही प्रत्येक व्याख्यानात अर्ध्या तासानं येतं. अहो, तिथं सुमारे ऐंशी टक्के लोक सरकारनं बांधलेल्या इमारतींत राहतात. मजल्यामजल्यावर लिफ्ट थांबवायची असं सरकारनं ठरवलं की ती थांबते.

उत्साही : तशी नाही थांबली. तिथंही इमारतीत मतदान घेतलं, ७५ टक्के घरांचा होकार लागला. खर्चाचा मोठा वाटा मात्र सरकारनं उचलला.

शंकेखोर : मग तोच वाटा महत्त्वाचा. आपल्याकडे काय झालं ते तुम्ही सेक्रेटरी असताना तुमच्याच हातानं मिनिट्समध्ये लिहिलंय. बाहेरून लिफ्ट बसवायची म्हणून तीन सर्वसाधारण सभा झाल्या. तळमजल्याचे सहा सभासद म्हणाले, आम्हाला लिफ्ट कशाला, आणि ती आमच्याच खिडकीसमोर येणार, उजेड जाणार. पहिल्या मजल्याचे म्हणाले, आम्ही पाव खर्च देऊ. या विरोध करणाऱ्यांत दोघं जण अठ्ठ्याहत्तरचे होते! तुम्ही 'ज्येष्ठ' म्हणून एक गट डोळ्यांसमोर आणता. असा गट नाही हो. तळमजल्याचा म्हातारा आणि तिसऱ्या मजल्याचा म्हातारा यांचे हितसंबंध सासू-सुनेपेक्षा वेगळे असतात.

आणि पदपथ मोकळा करा म्हणता, तर कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या आजी आठवा. एकाहत्तर वर्षांच्या. पंचवीस वर्षं त्याच झाडाखाली पथारी. अतिक्रमणाची गाडी आली की पाट्या, काटा, ताडपत्री सगळं उचलतात. दंड भरून वजनकाटा सोडवून आणताना मी त्यांना पाहिलंय. त्या म्हाताऱ्या नाहीत? श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १५०० रुपये मिळावेत म्हणून कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० च्या आत हवं. एवढ्यात कोण जगतं, की भाजी विकू नये? तुमच्या मोकळ्या पदपथावरून मी डौलात चालणार ते त्यांना उठवून. एका म्हातारीच्या चालण्यासाठी दुसऱ्या म्हातारीचं बसणं काढायचं, याला नगररचना म्हणतात का?

उत्साही : नाही, याला आळस म्हणतात. आणि तो आळस मीही केलाय, गाडी पाठवण्याच्या कागदावर सह्या केल्यात. सगळ्यांना उठवणं सोपं असतं. मोजून बसवणं कष्टाचं. पथविक्रेत्यांचा कायदा २०१४ चा आहे. त्यात विक्रेत्यांची नोंद करा, त्यांची समिती नेमा, जागा आखून द्या असंच म्हटलंय. पदपथ तीन मीटरचा असेल तर १.८ मीटर चालायला सोडून उरलेल्या पट्ट्यात झाड, खांब, बाकडं आणि आजींची पथारी असं सगळं बसतं. पण तो तीन मीटरचा असायला गाड्यांची एक रांग उठवावी लागते. भांडण म्हातारी विरुद्ध म्हातारी नाहीच, वहिनी. ते दोघींविरुद्ध फुकट लावलेली मोटार असं आहे. मोटारवाला सभेत येतो आणि त्या दोघी येत नाहीत, म्हणून ते दिसत नाही.

आपल्या पुण्याचा जंगली महाराज रस्ता बघा. १९७० च्या दशकात असा बांधला की वर्षानुवर्षं त्याला खड्डा पडला नाही, याचंच आपल्याला कौतुक. अलीकडे त्याचा पदपथ रुंद केला, बसायला जागा केल्या, तेव्हा पार्किंग गेलं म्हणून केवढी ओरड झाली. आज संध्याकाळी जाऊन बघा तिथं कोण बसलंय.

शंकेखोर : बसलेले असतात, मी पाहिलंय. पण तो मिरवायचा रस्ता आहे. लग्नात एकच शालू असतो, रोज नेसायला लुगडं लागतं. गल्लीचं काय?

उत्साही : गल्लीसाठी बाकडं. हसू नका. सगळ्या शहराच्या आराखड्यात मला एकच गोष्ट निवडायला सांगितली तर मी बाकडं निवडीन. दर शंभर-दीडशे मीटरवर एक, सावलीत, पाठ असलेलं, हात टेकून उठता येईल असं. आपण बसवतो ते कसं असतं? पाठीवर निधी देणाऱ्याचं नाव मोठं, बैठक एवढी खोल आणि बुटकी की एकदा बसलेला माणूस उठायला कुणाला तरी हाक मारतो. जिन्याच्या दुसऱ्या वळणावर तुम्ही जुनी लाकडी खुर्ची ठेवलीत ना, तिनं काय केलं? अख्ख्या विंगला दम खायला जागा दिली. ती खुर्ची म्हणजे नगररचना आहे. चालणाऱ्याला किती लांब जाता येतं हे पायांवर नाही, पुढची बैठक किती लांब आहे त्यावर ठरतं.

आणि दुसरी गोष्ट कुणी बोलतच नाही. रक्तदाबाची पाण्याची गोळी घेणारे किती आहेत आपल्यात? गोळी घेतली की दोन-अडीच तास माणूस घराबाहेर पडत नाही. पुरुष निदान आडोसा शोधतो, त्याचीही प्रोस्टेटनं फजिती होते. बायका तर आदल्या रात्रीपासून पाणी कमी पितात. माणूस कुठवर जाणार याचा नकाशा रस्त्यांचा नसतोच, तो मुताऱ्यांचा असतो. मेट्रोच्या स्टेशनात लिफ्ट आहे, स्वच्छतागृह आहे, सगळं चकचकीत. मार्च २०२२ मध्ये वनाज ते गरवारे कॉलेज मार्ग सुरू झाला तेव्हा मला वाटलं, आता कोथरूडचे म्हातारे गावात जातील. पण स्टेशनाच्या लिफ्टपर्यंत पोचायला पौड रस्ता ओलांडायचा आहे. शेवटचे दोनशे मीटर कुणाच्याच खात्यात येत नाहीत.

शंकेखोर : हे मात्र लाख बोललात. मुंबईत २०११ मध्ये बायकांनी राइट टू पी म्हणून मोहीम काढली तेव्हा लोक नावावरच फिदीफिदी हसले होते. त्या मोहिमेत तरुण बायका पुढं होत्या, पण मला तेव्हा आईच आठवली. बाजारात जायचं तर ती सकाळपासून चहा घ्यायची नाही.

एसटीचंही तसंच. २०२२ पासून पंचाहत्तरीपुढं तिकीट माफ. चांगली गोष्ट, मी नावं ठेवत नाही. पण पहिली पायरी माझ्या गुडघ्याएवढी. तिकीट माफ करायला एक आदेश पुरतो. पायरी खाली आणायला बस बदलावी लागते.

तरी, साहेब, आपण पुन्हा रस्त्यावरच आलो. मी मावशींपासून सुरुवात केली होती. त्या राहायच्या कुठं माहीत आहे? पर्वतीच्या पायथ्याला, जनता वसाहतीत. डोंगराच्या उतारावरची खोली. सकाळी सहाला नळाचं पाणी भरून, पायऱ्या उतरून, दोन बस बदलून साडेआठला कोथरूड. पावसाळ्यात नऊ, सव्वानऊ. तेवढा पाऊण तास सासूबाई ओल्यात पडून असायच्या, कारण एकटीला मला त्यांना उचलवत नसे. म्हणजे माझ्या सासूबाईंची कूस कधी बदलणार ते ठरवत होती स्वारगेटची बस! हे तुमच्या कुठल्या आराखड्यात आहे? तुम्ही म्हाताऱ्यापासून दवाखाना किती लांब ते मोजता, बाग किती लांब ते मोजता. मावशी किती लांब, हे मोजलंत कधी? शहर श्रीमंत होत गेलं तशा मावशी लांब लांब गेल्या. आज आमच्या गल्लीत ज्या येतात त्या शहराच्या पार वेशीवरून येतात.

आता त्या मावशीच सदुसष्टच्या आहेत. गुडघे गेलेत. त्याच पायऱ्या, तेच सार्वजनिक संडास. त्यांनी आपल्या घरी म्हातारं व्हायचं म्हणजे काय, सांगता? माझ्या सासूबाईंची कूस त्यांनी साडेचार वर्षं बदलली. त्यांची कोण बदलणार?

उत्साही : यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण प्रश्न बदलला, हे मान्य करतो. मी घर आणि रस्ता मोजत होतो, तुम्ही माणसामाणसांतलं अंतर मोजताय. नगररचनेला हे अंतर अगदीच परकं नाही. जपानात तोयामा नावाचं शहर आहे. लोकसंख्या म्हातारी होत चालली, वस्ती पसरलेली, बर्फ हटवायचा खर्च परवडेना. तर त्यांनी पसरणं थांबवून ट्रामच्या मार्गालगत वस्ती गोळा करायचं ठरवलं. २००६ मध्ये नवी ट्राम आली. पासष्टीपुढच्यांना गावाच्या मध्यात यायला शंभर येनचा पास. म्हाताऱ्यांना घराबाहेर काढणं हेच धोरण. अशा शहरात काळजी घेणारी बाईसुद्धा जवळ येते.

आणि तुम्हाला आवडेल असं दुसरं उदाहरण न्यूयॉर्कचं. पेन साउथ नावाची कामगारांची सहकारी गृहनिर्माण सोसायटी. १९८० च्या दशकात त्यांच्या ध्यानात आलं की कुणी न ठरवता आपली सगळी वसाहतच म्हातारी झालीय. आपल्यासारखंच. त्यांनी प्रत्येकाला स्वतंत्र वृद्धाश्रम शोधायला लावलं नाही. १९८६ मध्ये सोसायटीनंच समाजसेवक, परिचारिका, वर्ग, गप्पांची जागा असं सगळं इमारतींच्या आत आणलं. सहकार आपल्याला काय कुणी शिकवायचा? साखर कारखाने काढले, दूध संघ काढले, पतपेढ्या काढल्या. शेजारच्या सहा सोसायट्या मिळून एक परिचारिका आणि चार मावशी पगारावर ठेवू शकत नाहीत? पगार, रजा, भविष्यनिर्वाह निधी सगळं रीतसर. आणि एक तळमजल्याचा फ्लॅट त्यांना राहायला.

शंकेखोर : सहा सोसायट्यांचं एका टँकरवर एकमत होत नाही. पण थट्टा सोडा. कल्पना चांगली आहे आणि म्हणूनच तिची पारख करते. तुमचं ते पेन साउथ. तिथं घर बाजारभावानं विकता येतं का?

उत्साही : नाही. सभासदाला ठरावीक मर्यादेतच पैसे परत मिळतात. सोसायटीनं मुद्दाम तसं ठेवलंय, सामान्य माणसाला परवडावं म्हणून.

शंकेखोर : मग गोम तिथंच आहे की! ज्या घरातून नफा काढायचा नसतो, त्या घरातला शेजारी टिकतो. आपल्याकडे घर म्हणजे आधी भाव. आपल्या चोवीस सभासदांपैकी इथं राहतात किती? चौदा. दहा फ्लॅटमध्ये भाडेकरू, अकरा महिन्यांनी नवं नाव. मी याच जागी म्हातारी होतेय खरी, पण ही ती जागा राहिलीय का? समोरचे गेले बंगळूरला मुलीकडे, खालचे गेले देवाघरी, कोपऱ्यावरची गिरणी जाऊन मोबाइलचं दुकान आलं. मी हलले नाही. जागाच माझ्याखालून सरकत गेली.

आणि आता तुम्ही हे संमतीपत्र घेऊन आलात. पुनर्विकासाला पूर्वी पाऊणशे टक्के लागायचे, २०१९ पासून ५१ टक्के पुरतात. चोवीसातले तेरा. बारा सह्या झाल्यात म्हणता. पुनर्विकास म्हणजे तीन वर्षं भाड्याच्या घरात. तीन म्हणतात, चार होतात. पंचेचाळीस वर्षांच्या माणसाला तीन वर्षं म्हणजे मुलाचं कॉलेज. एक्याऐंशीच्या माणसाला तीन वर्षं म्हणजे काय? शेजारच्या सोसायटीतले आप्पा नव्या घराच्या फरशीचा नमुना उशाशी ठेवून भाड्याच्या घरात वारले. न्हाणीघर कुठल्या बाजूला हेच त्यांना शेवटपर्यंत उमगलं नाही. रात्री उठले की भिंत चाचपत स्वयंपाकघरात जायचे. चाळीस वर्षं अंधारात चालायची सवय असलेलं घर काढून घेतलं आणि म्हणाले, तुमच्याच सोयीसाठी.

उत्साही : आप्पांचं मलाही लागलं. पण दुसरी बाजू बघा. मुंबईच्या बीडीडी चाळी, १९२० च्या दशकातल्या. १६० चौरस फुटांची खोली आणि संडास गॅलरीच्या टोकाला. रात्री दोन वाजता ऐंशीची म्हातारी बादली घेऊन अंधाऱ्या गॅलरीतून जायची, कित्येक पिढ्या. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या टॉवरमध्ये ५०० चौरस फुटांचं घर मिळालं. लिफ्ट, घरात संडास, घरात न्हाणी. त्या म्हातारीला जाऊन सांगायचं का, की बाई गं, तुझी गॅलरी फार सुंदर होती? चाळीची हळहळ बहुतेक चाळ सोडून गेलेल्यांनाच वाटते.

शंकेखोर : मी गिरगावच्या दोन खोल्यांत वाढले, साहेब. हळहळ मला परवडत नाही. सकाळी संडासापुढं टमरेल घेऊन उभं राहणं काय असतं ते माझ्या तोंडून ऐकू नका. टॉवरमधला संडास हा न्यायच आहे. पण आजीचं दार सकाळी सातपर्यंत उघडलं नाही, तर सव्वासातला कुणीतरी कडी वाजवायचं. त्यासाठी कुणी कुणावर प्रेम करायला लागत नव्हतं. गॅलरीतून जाता-येता दार दिसायचं, एवढंच. टॉवरमध्ये तेच दार दिसायला कॅमेरा लागतो आणि कॅमेरा मुलगा अमेरिकेतून बघतो, त्याच्या रात्री. म्हणजे संडास मिळाला आणि गॅलरी गेली. दोन्ही एकाच नकाशात का बसू नयेत, हे मला कुठलाच आर्किटेक्ट सांगत नाही. तुम्ही सांगा.

उत्साही : बसू शकतात. गॅलरीची जागा एफएसआयमध्ये मोजायची की नाही, कुणी मोजायची, त्यातून विक्रीचे किती फूट कमी होतात, या तीन प्रश्नांत ती मरते. नव्या इमारतीचे पैसे वरच्या विक्रीच्या फ्लॅटमधून येतात. शेजारधर्माला दर चौरस फुटाला भाव नाही. लिफ्टला आहे.

बरं, आता हा नकाशा बघा. चौदा मजले. दोन लिफ्ट, एक स्ट्रेचर जाईल एवढी. प्रवेशाचा उतार एकास बारा, म्हणजे चाकाची खुर्ची एकट्यानं चढेल. न्हाणीघरात धरायला दांडी, उंबरा नाही, दार आत न उघडता बाहेर उघडणारं. आत पडलेल्या माणसाला बाहेर काढता येतं. एकेक ओळ मी भांडून लिहून घेतलीय. आणि तळमजल्यावर स्वच्छतागृहासह एक खोली, मावशींसाठी. राहायला नाही, बसायला. राहायला द्यायचं म्हटल्यावर सभेत हशा झाला.

शंकेखोर : बाहेर उघडणारं दार चांगलं आहे. आमच्याकडे सासूबाई पडल्या तेव्हा दार त्यांच्याच पायांना अडलं होतं, बिजागरी काढावी लागली. यासाठी तुमचे आभार, खरंच. मला मजला कितवा?

उत्साही : अकरावा. हवा छान.

शंकेखोर : आत्ता मी तिसऱ्यावरून दोरीला पिशवी बांधून खाली सोडते. भाजीवाल्या आजी वर बघून भाव सांगतात, मेथीची जुडी उलटीपालटी करून दाखवतात, मी मान हलवली की पिशवीत टाकतात. पैसे पुढच्या खेपेला त्याच पिशवीतून. परवा मला ताप होता, दोन दिवस पिशवी खाली गेली नाही. तिसऱ्या दिवशी त्या स्वतः चोपन्न पायऱ्या चढून आल्या, वळणावरच्या खुर्चीवर टेकत टेकत. अकराव्यावरून पिशवी सोडता येईल?

उत्साही : सोडायची कशाला? लिफ्टनं खाली जाल. गेल्या वर्षभरात तुम्ही किती वेळा उतरलात? मोजून सहा. नव्या इमारतीत रोज उतराल, त्यांच्यासमोर उभ्या राहून भाजी निवडाल. हे कमी आहे?

शंकेखोर : कमी नाही. माझे गुडघे तुमच्याच बाजूनं मत देतील. पण खाली गेल्यावर त्या असतील का? काम चालू असताना तीन वर्षं इथं पत्रे लागणार. आणि नंतर? नकाशात गाड्यांचं फाटक कुठं काढलंय?

उत्साही : कोपऱ्यावर.

शंकेखोर : झाडापाशी.

उत्साही : झाड राहणार आहे. फाटक त्याच्या अलीकडे... म्हणजे हो, पथारी आहे तिथंच. अग्निशामक गाडी वळायला तेवढी जागा सोडावीच लागते, त्यात तडजोड नाही. सहा मीटर इकडे सरकवता आलं तर आर्किटेक्टला विचारतो. मला वाटतं, जमणार नाही. पण विचारतो. तोवर तुमची सही घेऊन ठेवू का?

शंकेखोर : आधी विचारून या. कागद राहू दे माझ्याकडे. आणि जाताना ही पिशवी तेवढी खाली द्या त्यांना. आज मेथी नको म्हणावं, अळू असेल तर.